जिथे रस्ता नव्हता अशा समुद्रकाठच्या गावांत पूर्वी विमानं थेट पुळणीवर उतरायची, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. तेही हौसेखातर नाही, चक्क टपाल घेऊन.

मी न्यूझीलंडमध्ये नोकरीला होतो तेव्हा दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हास्टला गेलो होतो. आज गाडी सरळ जाते, पण उत्तरेकडचा रस्ता जोडला गेला तो 1965 मध्ये. त्याआधी गुरं हाकत न्यायची पायवाट, नाहीतर कधीतरी येणारं जहाज. पाऊस आपल्या कोकणासारखा, फक्त बारा महिने.

बर्ट मर्सर या वैमानिकाने 18 डिसेंबर 1934 ला त्याच किनाऱ्यावरच्या होकिटिका गावाहून या भागासाठी विमानसेवा सुरू केली. न्यूझीलंडमधली ही पहिली परवानाधारक नियमित सेवा. ती ऑकलंड-वेलिंग्टनला नाही, या आडबाजूला सुरू झाली, याची मला अजून मौज वाटते.

विमान होतं डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीचं फॉक्स मॉथ. एकावर एक दोन पंख, लाकडी सांगाडा, वर कापड, 130 अश्वशक्तीचं एकच इंजिन. मर्सरचं ते विमान पुढे दक्षिण बेटावरच्याच मँडेव्हिलच्या विमानसंग्रहात जवळून पाहिलं. प्रवाशांची केबिन पुढे, बंद. तीन-चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसणार. वैमानिक त्यांच्या मागे, उंचावर, उघड्यावर. बोलायचं तर मधल्या भिंतीतल्या छोट्या खिडकीतून. टांगेवाल्याला मागे बसवून टांगा निघालाय असंच वाटतं! (जेआरडींनी 1932 मध्ये कराचीहून टपाल आणलं ते पुस मॉथ याचंच भावंड. तेव्हाची जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्यात जायची, मग सगळं बिऱ्हाड पुण्याला.)

आता पुळणीचं. मुरुडला वाळूत गाडी घातलेल्यांना हे सांगायला नको: वरची कोरडी वाळू चाक गिळते, ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली ओली वाळू मात्र डांबरासारखी टणक असते. म्हणजे घड्याळ काहीही म्हणो, उतरायची वेळ समुद्र ठरवणार. शिवाय नद्यांनी आणून टाकलेले ओंडके वरून बघून घ्यायचे ते वेगळंच.

येताना टपाल, किराणा. जाताना आजारी माणूस, किंवा हंगामात व्हाइटबेट. हे काडीएवढे पारदर्शक मासे टिकत नाहीत, त्यामुळे पूर्वी ते ताजे बाजारात पोचणं अवघडच होतं.

धोका होताच. 30 डिसेंबर 1936 ला दक्षिणेला बिग बे इथल्या पुळणीवर एक छोटं विमान कोसळलं. एक जण गेला, बाकीचे जबर जखमी. तिथे गुरं राखणारा डेव्ही गन मदत आणायला निघाला. काही वाट घोड्यावर, काही होडी वल्हवत, उरलेली पायी. जवळजवळ 90 किलोमीटरची, एरवी चार दिवसांची वाट त्याने एकवीसेक तासांत कापली. सगळ्यात जवळचा टेलिफोन त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला होता.