वाचक विचारतात: आल्याची बीअर, बाटलीतला गॅस आणि सासूबाईंचा ओटा

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती की उन्हाळ्यात मी घरी आल्याची बीअर करते, म्हणजे जिंजर बीअर, आणि तो एक शब्द बघून जेवढी पत्रं आली तेवढी वर्षभरात लोणच्यावर पण आली नव्हती. असो. त्यातली काही घेतेय.

ताई, ही बीअर आल्याच्या विरजणाने होते असं तुम्ही लिहिलंत. ते लावायचं कसं? आमच्या रानात आलंच आहे. (वाचक, कोरेगाव)

रानातलं आलं म्हणजे तुमचं अर्धं काम झालंच की. सगळा खेळ सालीत आहे, सालीवर यीस्ट असतं आणि दह्यात असतात तसल्या जातीचे बॅक्टेरिया पण असतात, म्हणून नुसती माती धुवायची, साल काढायची नाही. काचेच्या बरणीत दोन कप पाणी, दोन चमचे किसलेलं आलं, दोन चमचे साखर, हलवा आणि वर पंचाचा तुकडा बांधून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवा, घट्ट झाकण नको. मग रोज तेवढंच आलं तेवढीच साखर. थंडीत आठवडा जातो, एप्रिलात माझ्याकडे चौथ्या दिवशीच बरणीला कान लावला की सुर्र असा बारीक आवाज येतो आणि किस सगळा वर तरंगतो, तेव्हा समजायचं लागलं. नळाचं पाणी थेट वापरू नका, त्यात क्लोरीन असतं आणि ते आपल्या यीस्टलाही मारतं, उकळून गार करून घ्या. वर पांढरी पातळ साय आली तर चमच्याने काढून टाका, पण हिरवी काळी लव दिसली तर बरणी सरळ रिकामी करायची, जीव अडकवायचा नाही.

पुढचं सोपं. दोन लिटर पाण्यात मूठभर आलं ठेचून उकळा, २०० ग्रॅम साखर घाला, गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. दह्याला दूध कोमट लागतं म्हणून इथेही कोमट चालेल असं करत बसू नका, हात लावून गारच लागलं पाहिजे, गरमात यीस्ट मेलं की संपलं. मग दोन लिंबं, अर्धा कप गाळलेलं विरजण, आणि बाटल्या भरा. गुळाचं पण होतं, रंग चहासारखा आणि चवीला थोडी काकवी, मला साखरेचीच आवडते.

बाटली किती दिवस बाहेर ठेवायची? एकदा अजिबात गॅस आला नाही, दुसऱ्या वेळी झाकण उघडताच निम्मी छताला गेली. (वाचक, विश्रामबाग, सांगली)

छताला गेली ना, मग तुम्ही नशीबवान. माझी फुटली होती. तीन वर्षांपूर्वी, मे महिना, मी हौसेने सरबताच्या जुन्या काचेच्या बाटल्या धुवून त्यात भरलं आणि ओट्यावर ओळीने ठेवून साताऱ्यातच शाहूपुरीतून राजवाड्यावर गेले, म्हटलं संध्याकाळी फ्रीजमध्ये टाकू. दुपारी तीनला सासूबाईंचा फोन, अगं आवाज कसला झाला गं, सिलिंडर तर नाही ना. घरी येऊन बघते तर एक बाटली अशी फुटलेली की तळ जागेवर आणि बाकीचे तुकडे पार डाळीच्या डब्यांमागे, भिंतीवर आल्याचे धागे चिकटलेले, आणि सासूबाई हातात सुपडी घेऊन दारात उभ्या, आत पाऊल टाकायला तयार नाहीत. त्या ओट्यासमोर पाच मिनिटं आधी त्या चहा करत होत्या. तेव्हापासून काच बंद.

आता हिशोब सांगते म्हणजे तुम्हीच ठरवाल किती ठेवायचं. साधारण चार ग्रॅम साखर, म्हणजे एक सपाट चमचा, यीस्टने पूर्ण खाल्ली की एक लिटरभर गॅस तयार होतो. बाजारातल्या कोल्ड्रिंकमध्ये लिटरमागे साडेतीन चार लिटर गॅस दाबून भरलेला असतो, त्याला चार चमचे पुरले. आपण लिटरमागे घालतो १०० ग्रॅम. सगळी साखर आंबली तर पंचवीस लिटर गॅस त्या एका बाटलीत, आणि बूच लावलेलं! ते कुठे जाणार?

म्हणून कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, चार बोटं रिकामी सोडा, आणि सकाळ-संध्याकाळ दाबून बघा. बोट रुतायचं बंद होऊन बाटली दगडासारखी ताठ लागली की त्याच मिनिटाला फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात एक दिवसात होतं, कधी त्याच्याही आत, पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे दिवस मोजू नका, बाटली दाबा. फ्रीजमध्ये यीस्ट झोपतं पण मरत नाही, चार-पाच दिवसांत संपवा. आणि गारच उघडा, गार पाण्यात गॅस जास्त विरघळून राहतो, तुमची छताला गेली ती बहुतेक गरम उघडल्यामुळे. पहिल्या वेळी गॅस आला नाही तर एकतर विरजण कच्चं होतं नाहीतर बूच सैल.

अमेरिकेतला भाचा घरीच खरी बीअर बनवतो, व्हिडिओ पाठवतो. आपण इथे केली तर? (वाचक, विटा)

नाही. भाच्याला तिकडे मुभा आहे, १९७८ साली त्यांच्याकडे कायदा बदलला आणि दोन मोठी माणसं असतील तर घरटी वर्षाला २०० गॅलनपर्यंत स्वतःपुरती करता येते. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय दारू बनवणं हाच गुन्हा, विकली नाही, घरातच प्यायलो, हौस म्हणून केली, हे काही चालत नाही. तेव्हा व्हिडिओ बघा आणि सोडून द्या.

पण बघताना एक गंमत लक्षात ठेवा. ते लोक बार्लीला, म्हणजे आपल्या जवाला, मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. आपण बाळासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व करतो ना, तेच. मोड आले की दाण्यात पिष्टाची साखर करणारं एन्झाइम जागं होतं. मग ते भरडून ६५ अंशाच्या आसपास तासभर पाण्यात मुरवायचं, गोड रस काढायचा, हॉप्सची फुलं टाकून उकळायचा (कडवटपणा तिथून येतो, हिमाचलातल्या लाहौलमध्ये हॉप्सची शेती आहे), गार करून यीस्ट. माझ्या आल्याच्या पाण्यात साखर मी डब्यातून घालते, त्यांना ती दाण्यातून काढावी लागते, मोठा फरक एवढाच.

मग तुमच्या आल्याच्या बीअरमध्ये अल्कोहोल असतं की नाही, स्पष्ट सांगा. घरात लहान मुलं आहेत, मुलगी बाळंतपणाला आलीय. (वाचक, मिरज)

असतं. पॅकिंगवर नॉनअल्कोहोलिक लिहिलेली जिंजर बीअर मिळते ती बहुतेक नुसतं सरबत नि गॅस असते, आपली आंबवलेली आहे. ज्या साखरेतून गॅस निघतो त्याच साखरेतून अल्कोहोल पण निघतं, जुळी भावंडंच ती. आत्ताच्या हिशोबाने हलका फसफसाट म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि कोल्ड्रिंकसारखा जोरदार म्हणजे जवळजवळ एक टक्का, बॅक्टेरिया पण थोडी साखर खातात त्यामुळे जरा कमी धरा. फूड सेफ्टीच्या नियमात अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की ते अल्कोहोलचं पेय. म्हणजे बाटली लवकर फ्रीजमध्ये टाकणं हे नुसतं फुटू नये म्हणून नाही. मी बाटली जेमतेम ताठ झाली की उचलते, गॅस कमी तर कमी. मुलांना आणि मुलीला देऊ नका, त्यांच्यासाठी तेच आल्याचं गोड पाणी विरजण न घालता बाजूला काढा आणि वरून सोडा ओता. गोटी सोडा मिळाला तर मुलं बीअर विसरतील.

उपासाला चालते का? (वाचक, वाई)

काका, आलं, साखर, लिंबू, पाणी, सगळं उपासाचं आहे. पण वरचं उत्तर वाचून मग तुम्हीच ठरवा.

सांगलीत राहून आल्याची कशाला, हळदीची होईल का? (वाचक, गणपती पेठ, सांगली)

होते! ओली हळद पण कंदच, सालीवर तेच सगळं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, मिळालं त्याचा अभिमान आहेच, पण मला चव मातकट लागली, म्हणून मी तीन भाग आलं एक भाग हळद करते. वाळलेल्या हळकुंडाची किंवा पावडरीची होणार नाही, ती शिजवून वाळवलेली असतात, यीस्ट कुठलं राहायला. आणि बाटली सिंकमध्येच उघडा, पिवळं पडलेलं फडकं मी अजून पुसायला वापरतेय.

पाहुण्यांना द्यायची कशी? प्रत्येक ग्लास गढूळ दिसतो. (वाचिका, पोवई नाका, सातारा)

बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवा, रात्रभरात गाळ तळाला बसतो. बूच एकदम काढायचं नाही, जरासं फिरवून फुस्स करू द्यायचं, परत लावायचं, असं तीन-चारदा. ग्लास तिरका धरून कडेने ओता आणि बाटली मध्येच सरळ करू नका, एका दमात सगळे ग्लास भरा, नाहीतर गाळ परत वर येतो. खालचं दोन बोटं पाणी तिथेच राहू द्या. ग्लास तेलकट असेल तर फेस टिकत नाही, म्हणजे पोह्यांच्या बशीबरोबर घासलेला नको. उरलेला आल्याचा चोथा मी दुसऱ्या दिवशी चहात टाकते, सासूबाईंना तेवढाच आवडतो यातला.