डोंग कुठे घ्यावेत आणि किती घ्यावेत?

वाचकांचे प्रश्न : परदेश प्रवास आणि पैसा

प्रश्न : आम्ही दोघे सेवानिवृत्त शिक्षक पुढील महिन्यात मुंबईमार्गे आठ दिवसांसाठी व्हिएतनामला जात आहोत. हनोई, दा नांग आणि हो ची मिन्ह सिटी येथील हॉटेलांचे पैसे भरून झाले आहेत; जेवण, टॅक्सी आणि थोडीफार खरेदी यांसाठी तिथले चलन, म्हणजे डोंग, लागेल. शेजारी म्हणतात की रुपयेच न्यावेत, बँकेतील एका परिचितांचा फॉरेक्स कार्डाचा (परकीय चलन आधीच भरून घेतलेल्या कार्डाचा) आग्रह आहे, तर मुलगी म्हणते की नेहमीचे डेबिट कार्ड पुरेल. नागपुरातच बर्डीवर एका ठिकाणी चौकशी केली तेव्हा ‘डोंग मागवून देतो’ असे सांगितले, परंतु भाव फारच चढा वाटला. काय करावे?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : भाव चढा वाटला, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. नागपुरात डोंगाला रोजचे गिऱ्हाईक नसते, त्यामुळे ते बाहेरून मागवावे लागतात आणि त्याचा भार आपल्याच भावावर पडतो. येथून डॉलर घ्यावेत आणि त्यांचे डोंग व्हिएतनाममध्ये करावेत. यात दोनदा बदल होतो हे खरे, पण डॉलरचा व्यवहार दोन्हीकडे मोठा असल्याने दोन्ही वेळची घट मिळूनही येथे डोंग घेण्यापेक्षा कमीच भरते. रुपये मात्र नेऊ नयेत. परतल्यावर लागतील तेवढे सोबत ठेवावेत (भारताबाहेर जाताना २५,००० रुपयांपर्यंत नेता येतात), पण तिथे ते बदलण्याच्या भरवशावर राहू नये.

डॉलर घेताना ‘आज भाव काय?’ एवढेच विचारून थांबू नका. मी अनेक वर्षे बँकेच्या परकीय चलन विभागात काम केले आहे आणि ‘कमिशन नाही’ या पाटीवर विसंबणारी सुशिक्षित माणसे पाहून मला दर वेळी वाईट वाटत असे, कारण चलन विकणाऱ्याची कमाई कमिशनात नसते, ती भावातच असते. हिशेबाच्या सोयीसाठी समजा की बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे आणि दुकानदार तो ९२ रुपयांना देतो. ५०० डॉलरचे ४६,००० रुपये होतात, म्हणजे कमिशनचे नाव न घेता १,००० रुपये गेले. यावर जीएसटी लागतो, तो मात्र संपूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का (निदान २५० रुपये) हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के आकारणी होते. आपल्या उदाहरणात ४६० रुपयांवर ८२ रुपये ८० पैसे. म्हणून दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : ‘पाचशे डॉलर हातात पडेपर्यंत माझे एकूण किती रुपये जातील?’ उत्तरे एकाच दिवशी, शक्य तर एकाच तासात घ्यावीत, कारण भाव दिवसभर हलत असतो.

खरेदी बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडेच करावी. पासपोर्ट, पॅन कार्ड, व्हिसा आणि तिकिटाची प्रत सोबत ठेवावी. रक्कम ५०,००० रुपयांहून कमी असेल तर रोखीने देता येते, त्यापुढे चेक, कार्ड किंवा बँकेतून रक्कम वळती करावी लागते. एका प्रवासात एका व्यक्तीला ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, पण आपल्याला त्याच्या जवळपासही जाण्याची गरज नाही. राहण्याचे पैसे भरलेले असताना दोघांना आठ दिवसांसाठी ५०० डॉलर रोख आणि जोडीला एक कार्ड पुरेसे आहे. नोटा शंभराच्या आणि पन्नासच्या मागाव्यात, कारण मोठ्या नोटेला तिथे भाव अधिक मिळतो. प्रत्येक नोट उलटसुलट करून पाहावी. चुरगळलेली, शिक्का मारलेली किंवा आपल्याकडच्या सवयीने पेनाने आकडा लिहिलेली नोट तिथल्या खिडकीवरून परत येऊ शकते.

हनोईला उतरल्यावर विमानतळावरील बँकेच्या खिडकीवर शंभर डॉलर बदलावेत आणि उरलेले शहरातील बँकेत. सोन्याची दुकाने चांगला भाव देतात असे अनेक जण सांगतील. पण परवाना नसलेल्या दुकानात चलन बदलणे तिथे बेकायदा आहे. २०१८ साली कान थो शहरात केवळ शंभर डॉलर अशा दुकानात बदलणाऱ्या एका माणसाला ९ कोटी डोंगांचा दंड ठोठावण्यात आला होता. तो पुढे माफ झाला, पण परक्या देशात आपल्यावर ती वेळ येऊ नये.

आता नोटांविषयी, कारण खरी चूक येथे होते. एका डॉलरला पंचवीस हजारांहून अधिक डोंग मिळतात, त्यामुळे खिशात एकदम लाखांच्या नोटा येतात आणि साऱ्यांवर हो ची मिन्ह यांचेच चित्र असते. त्यांतली २०,००० ची नोट निळी आहे आणि ५,००,००० ची निळसर हिरवी. दिव्याच्या पिवळ्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात. माझ्या पहिल्या प्रवासात टॅक्सीतून उतरताना मी वीस हजारांऐवजी पाच लाखांची नोट दिली आणि रात्री हॉटेलात हिशेब जुळेना तेव्हा ते लक्षात आले. तेव्हापासून मी पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि नोट देताना आकडा मोठ्याने उच्चारतो. दुकानात ‘५० के’ असे लिहिलेले असेल तर ते पन्नास हजार समजावे.

फॉरेक्स कार्ड वाईट नाही, परंतु ते डॉलरमध्ये भरलेले असेल आणि खर्च डोंगांत होणार असेल, तर प्रत्येक वेळी चलनबदलाचे शुल्क कापले जाण्याची शक्यता असते. ते किती, हे आधी लेखी विचारावे. आपल्या मुलीचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. डेबिट कार्ड जोडीला जरूर असावे, पण त्याचा परदेशातील वापर बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावा लागतो. हे काम नागपुरात असतानाच उरका. एटीएमवर दर वेळी ठराविक शुल्क लागत असेल तर थोडे-थोडे न काढता एकदाच मोठी रक्कम काढावी. आणि यंत्राने पडद्यावर रुपयांतली रक्कम दाखवून ‘हा दर मान्य आहे का?’ असे विचारले, तर नकाराचे बटण दाबावे. घाबरू नये, व्यवहार रद्द होत नाही. रक्कम डोंगांत आकारली जाते आणि यंत्राच्या मालकाचा चढा दर टळतो. दुकानातल्या कार्डयंत्रावरही हेच करावे.

प्रश्न : सहलीहून परतताना काही डोंग आणि २४० डॉलर उरले. त्यांचे काय करावे?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : डोंग व्हिएतनाम सोडण्यापूर्वीच बदलायला हवे होते, बदलाची पावती दाखवून ते डॉलरमध्ये करून मिळतात. येथे त्यांना गिऱ्हाईक मिळणे कठीण, तेव्हा तिकडे जाणाऱ्या एखाद्या परिचितास ते द्यावेत. डॉलरची घाई करू नका. परतल्यापासून १८० दिवसांत न वापरलेले चलन परत करावे असा नियम आहे, पण २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवता येतात. लवकरच पुन्हा जाणार असाल तर ते घरीच राहू द्या, कारण विकताना दुकानदार खरेदीचा कमी भाव देईल आणि पुढे तेच डॉलर आपण चढ्या भावाने घ्याल.