टर्बो गाडीचे स्पार्क प्लग : आधी नंबर, मग गॅप, किंमत शेवटी

प्रश्न : गाडी १.० लिटर टर्बो पेट्रोल आहे, ४५ हजार किलोमीटर झाले. गावात छान चालते, पण मांजरसुंब्याचा घाट चढताना पेडल दाबले की झटके मारते. गॅरेजवाले प्लग बदला म्हणतात. दुकानात दीडशेपासून हजारापर्यंत प्लग आहेत. कोणता घ्यावा? – एक वाचक, बीड

लक्षण बहुतेक प्लगचेच आहे. ते घाटातच का दिसते हे कळले की निवडही सोपी होते. सपाटीवर आरामात चालवताना टर्बो फारशी हवा भरत नाही. चढावर पेडल दाबले की तो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. हवा जितकी दाट, तितका ठिणगीला गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतो. त्यात जुन्या प्लगची टोके झिजून गॅप वाढलेला असतो. प्लगला उच्च व्होल्टेज देणाऱ्या कॉइलची ताकद अपुरी पडते, ठिणगी चुकते आणि गाडी मिस मारते. हे दुखणे अंगावर काढू नका. न जळलेले पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते, आतली जाळी वितळते, आणि त्या खर्चात प्लगचे कितीतरी संच आले असते.

आता निवड. गाडीच्या पुस्तिकेत प्लगचा पूर्ण नंबर असतो, तोच शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घ्या. नंबर कसा वाचायचा ते एनजीके कंपनीच्या बीकेआर६ई-११ या सर्रास मिळणाऱ्या प्लगवर पाहू (हा केवळ नमुना, तुमच्या गाडीचा नंबर वेगळा असेल). बीके म्हणजे १४ मिमी आटे आणि १६ मिमीचा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग), ६ ही हीट रेंज (टोकाची उष्णता प्लग किती लवकर बाहेर सोडतो त्याचा आकडा), ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी, आणि शेवटचे ११ म्हणजे गॅप १.१ मिमी. याच प्लगमागे ११ नसेल तर गॅप ०.८ मिमी. दुकानदार दोन्ही एकाच हाताने काढून देतो, आणि दोन्ही गाडीत बसतातही. पण टर्बो इंजिनांना साधारण ०.६ ते ०.८ मिमी गॅप लागतो. १.१ चा प्लग बसवला तर नवा कोरा असूनही घाटात तेच झटके येतील. आट्यांची लांबी चुकली तर नुकसान आणखी मोठे. लांब प्लगवर पिस्टन आदळू शकतो, आणि आखूड प्लगखालच्या उघड्या आट्यांत काजळी साचून पुढचा योग्य प्लग बसत नाही.

कंपनी बदलायची असेल तर हीट रेंजचा आकडा जसाच्या तसा नेऊ नका. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२. या दोन्हींत आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, म्हणजे टोकाची उष्णता लवकर सोडतो. बॉशमध्ये उलटे आहे, तिथे मोठा आकडा म्हणजे ‘गरम’ प्लग.

राहिली किंमत. साध्या निकेल प्लगचे मधले टोक सुमारे २.५ मिमी जाड असते, इरिडियमचे ०.६ किंवा त्याहून बारीक. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते, आणि इरिडियम २४०० अंशांपुढे वितळत असल्याने झिजतेही हळू. पुस्तिकेत इरिडियम लिहिले असेल तर दीडशेचा प्लग घेऊन बचत होत नाही. गॅप लवकर वाढून तुम्ही पुन्हा याच घाटात अडकाल. आपल्याकडची १.० लिटर टर्बो इंजिने तीन सिलिंडरची आहेत, तेव्हा चारचा संच गळ्यात मारून घेऊ नका. तीनच घ्या आणि तिन्ही एकदम बदला.

प्रश्न : उन्हाळ्यात इथे पारा ४३ वर जातो. हीट रेंजमध्ये एक नंबर जास्त थंड प्लग टाकावा का? – एक वाचक, परभणी

नको. प्लगच्या टोकाला साधारण ५०० ते ८५० अंश तापमान लागते. त्याखाली काजळी जळत नाही, त्यावर गेले तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटते. बाहेरच्या दहा अंशांनी हे गणित बिघडत नाही. उलट थंड प्लग बाजारहाटीच्या छोट्या फेऱ्यांत काळा पडतो. एक नंबर थंड प्लगचा विचार इंजिनचे रीमॅपिंग करून (संगणकातली सेटिंग बदलून) टर्बोचा दाब वाढवला असेल तरच करायचा.

उन्हाळ्यात खरे लक्ष इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे द्या. धूळ, कापसाचे तंतू आणि किडे त्याच्या पात्यांत अडकले की आत तापलेली हवा जाते, इंजिन नॉक करू लागते (आतले पेट्रोल अवेळी पेटून ठकठक होते) आणि संगणक ठिणगीचे टायमिंग मागे घेतो. पिकअप गेल्यासारखा वाटतो तो यामुळे. कमी दाबाच्या पाण्याने धुवा, जेटने पाती वाकतात.

प्रश्न : प्लग घरी बदलता येतील का? काय जपावे? – एक वाचक, लातूर

येतील. इंजिन पूर्ण थंड हवे. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे सोलून निघतात. कॉइलचा बोल्ट काढा, कनेक्टरची क्लिप दाबूनच ओढा. कॉइल निघाल्यावर, प्लगला पाना लावण्याआधी प्लग बसतो त्या खोल विहिरीत हवा मारा. आपल्याकडच्या धुळीत ही पायरी टाळली तर सगळी माती सिलिंडरमध्ये जाते.

नव्या प्लगचा गॅप तारेच्या गेजने तपासा. नाण्यासारखे गोल गेज इरिडियमचे टोक मोडते. प्लगच्या चिनीमातीच्या टोकावर रबरी पाइपचा तुकडा चढवा आणि हातानेच आटे धरा. आटे वाकडे लागले तर पाइप घसरतो, हेड वाचते. मग टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या) १४ मिमी आट्यांना २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २० (पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो). टॉर्क पाना नसेल तर नव्या वॉशरचा प्लग हाताने टेकल्यावर सुमारे अर्धा फेरा फिरवा. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला जेमतेम एक-सोळांश फेरा पुरतो. आट्यांना ग्रीस लावू नका. त्याने तोच टॉर्क जास्त आवळतो. हातातून फरशीवर पडलेला प्लग बसवू नका, आत तडा गेलेला दिसत नाही.

बदलूनही मिस मारत असेल तर स्कॅनर लावा. पी०३०१ हा कोड आला तर पहिला सिलिंडर मिस मारतोय. त्याची कॉइल दुसऱ्यावर टाका. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलचा.

प्रश्न : काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या भागावर तपकिरी कडे आहे. गॅस गळतोय का? – एक वाचक, जालना

नाही. धातूच्या कडेजवळचा तो डाग उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण चिकटून होतो, तो निरुपद्रवी आहे. चिनीमातीवर उभी काळी रेघ असेल तर मात्र ठिणगी बाहेरून पळतेय. प्लगसोबत कॉइलचे रबरही बदला. आतले टोक तेलकट असेल तर प्लग बदलून भागणार नाही, तेल कुठून येते ते शोधा. आणि टोकाची चिनीमाती फुटलेली असेल तर गाडी कमी वेगात वरच्या गिअरमध्ये ओढवू नका, आणि इंजिन ऑइल एपीआय एसपी दर्जाचे आहे ना ते डब्यावर पाहा. थेट इंजेक्शनच्या टर्बोमध्ये अशा ओढण्याने अवेळी स्फोट होतात.

प्रश्न : डुप्लिकेट प्लग कसा ओळखावा? – एक वाचक, नांदेड

अस्सल प्लगचा वॉशर सहज निसटत नाही, आटे गुळगुळीत असतात आणि वाकलेले टोक मधल्या टोकाच्या बरोबर समोर येते. आणखी एक चाचणी मल्टिमीटरची : नंबरात आर असलेल्या प्लगच्या कॉइलकडच्या वरच्या टोकापासून खालच्या मधल्या टोकापर्यंत साधारण ३ ते ७.५ किलोओहम रोध यायला हवा. शून्य किंवा अनंत दाखवले तर तिथेच परत करा.