वाळवंटात तंबू आणि कॅमेरा

प्रश्न : ऑक्टोबरात अ‍ॅरिझोना-युटाच्या वाळवंटात तंबू टाकून फोटो काढायचे आहेत. ऊन आम्हा खानदेशींना नवं नाही; आणखी काय सांभाळावं? – एक वाचक, जळगाव

उत्तर : थंडी सांभाळा. तिथल्या ग्रँड कॅन्यन या दरीचा दक्षिण कडा सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे. ऑक्टोबरात रात्री पारा शून्याजवळ उतरतो. गारठ्यात कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. विमानात त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. गॅसचा डबा नेताच येत नाही, तिथेच घ्या. पाणी माणशी दिवसाला 4 लिटर.

आकाशगंगा अंधार पडताच नैऋत्येला दिसते. अमावास्येच्या आसपास जा. कॅमेऱ्याची मांडणी : 20 मिमी लेन्स, एफ 2.8 (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), आयएसओ 3200 (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता), शटर 20 सेकंद. फार वेळ शटर उघडं राहिलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. ऑटोफोकस बंद. ठळक तारा स्क्रीनवर मोठा करा, तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत लेन्सची फोकस रिंग फिरवा, मग रिंगवर चिकटपट्टी लावा. लेन्सवरची वाळू पुसू नका, काचेवर चरे पडतात, ब्लोअरने उडवा.

अ‍ॅरिझोनातल्या नावाहो या मूळ रहिवासी जमातीच्या प्रदेशातल्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत गाइडशिवाय प्रवेश नाही. वेळ नीट विचारून घ्या : नावाहो प्रदेशाचं घड्याळ ऑक्टोबरात उरलेल्या अ‍ॅरिझोनापेक्षा तासभर पुढे असतं.