धक्क्यावरचा बांबू आणि मुंबईकरांचा टीव्ही

प्रिय नव्या बाई,

रुजू होऊन दोन महिने झाले म्हणजे वाडीत तुझं नाव कुणी घेत नसेल, तू नुसती 'बाई' झाली असशील. सवय होते.

गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून शाळेला 55 इंची टीव्ही दिला आणि तू तरुण म्हणून तो तुझ्या गळ्यात पडला, हे वाचून हसले. 'कोणतं ॲप घेऊ?' असं विचारलंयस. ॲपचं मागाहून बघू. आधी माझी फजिती ऐक.

आमच्या शाळेत प्रोजेक्टर आला तेव्हा मी सातवीला भरती-ओहोटीचा धडा त्यावर घेतला. खिडक्यांना चादरी लावल्या, बारा मिनिटांचा व्हिडिओ लावला. निळी पृथ्वी, हसरा चंद्र, चंद्राकडे फुगलेलं पाणी. मुलं खूश, मीही खूश. शेवटी मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. त्याचा आजा होडीवर जाणारा. म्हणाला, "बाई, चंद्र एका बाजूला, मग भरती दिवसातून दोनदा कशी?" व्हिडिओत ते नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. "पुढच्या तासाला बघू," म्हणून मी चादरी काढायला लागले.

रात्री लक्षात आलं की वर्गात सगळ्यांत कमी माहिती माझ्याकडेच होती. त्या पोराला तिथीचा हिशोब तोंडपाठ होता : तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी, सगळं ठाऊक. आणि मी त्याला शाळेपासून दहा मिनिटांवर रोज घडणारी गोष्ट कार्टूनमध्ये दाखवत होते!

मग उलटं करून पाहिलं. एक बांबू घेतला, वीतभर अंतराने रंगाचे पट्टे मारले आणि खाडीतल्या धक्क्याला घट्ट बांधला. रविवार, द्वितीया, म्हणजे हिशोबाने भरती दीडच्या सुमाराला. पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, धरून सकाळी साडेसातला चार मोठी मुलं घेऊन बसले. आधी टाइमलॅप्स लावला होता, पण उन्हात फोन इतका तापला की बंदच पडला. तेव्हा दर अर्ध्या तासाला एकाच पायरीवर उभं राहून एक फोटो, असं ठरलं. दीडपर्यंत तेरा फोटो.

सोमवारी फोटो दाखवण्याआधी प्रत्येकाला पाटीवर रेघ काढायला लावली : पाणी कसं चढलं असेल? बहुतेकांनी जिन्याच्या कठड्यासारखी सरळ तिरकी रेघ काढली. मग ते तेरा फोटो बोटाने भराभर सरकवले, पट्टे मोजले, आलेख काढला. रेघ सरळ येईना. सुरुवातीला पाणी रेंगाळतं, मधल्या दोन तासांत धावतं, शेवटी पुन्हा मंदावतं. दर्यावर्दींचा एक ठोकताळाच आहे : सहा तासांत पाणी बारा भाग चढतं असं धरलं तर तासागणिक 1, 2, 3, 3, 2, 1. तो मी नंतर सांगितला, मुलांनी आपली रेघ खोडल्यावर. आणि भरतीची वेळही दीडवर नेमकी बसली नाही. खाडीत आत पाणी उशिरा पोचतं, यावर मग पोरांचीच चर्चा.

पडदा लागला तो त्यानंतर. दोन भरत्यांचं कारण धक्क्यावर बसून दिसणार नाही. चंद्राची ओढ जवळच्या पाण्यावर सगळ्यांत जास्त, पृथ्वीच्या केंद्राशी कमी, पलीकडच्या पाण्यावर त्याहून कमी. म्हणून पलीकडचं पाणी मागे राहतं आणि तिथेही फुगवटा येतो. हे हलत्या चित्राशिवाय समजावणं कठीण. चाळीस सेकंदांचा तुकडा, तोही मध्येच थांबवून : "आता आपली वाडी इथून फिरली, पुढे काय होईल?" तो पोरगा तेव्हा फळ्यापाशी येऊन उभाच राहिला होता.

तर पाठ आखताना आधी मूल कुठे अडतं ते बघ. जे फार सावकाश घडतं, फार लांब घडतं किंवा डोळ्यांना दिसतच नाही, तिथे टीव्ही लाव. कोकमाचं झाड दाखवायला लावू नकोस, बाहेर ने.

1983 साली रिचर्ड क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने लिहिलं होतं की माध्यम म्हणजे किराणा पोचवणारी गाडी. गाडीने अन्नाचा कस वाढत नाही. मला ते निम्मंच पटतं. हापूसच्या पेट्या घाटात अडकल्या की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. दुसरे एक रिचर्ड, मेयर, तेही अमेरिकन अभ्यासकच, त्यांचं मात्र पुरतं पटतं : चित्रासोबत कुणी बोलत असेल तर तेच शब्द पडद्यावर लिहून ठेवल्याने शिकणं सुधारत नाही, बिघडतं. तेव्हा स्लाइडवर परिच्छेद चिकटवून तोच वाचून दाखवणं सोड. प्रशिक्षणात आपल्याला तसंच शिकवतात, पण सोड.

रेंजचं तुला सांगायला नको. वर सड्यावर, उघड्या माळावर, जाशील तेव्हा सगळं उतरवून घे. दीक्षा या सरकारी शालेय ॲपमधला मजकूर उतरवून ठेवता येतो. पुस्तकातले क्यूआर कोड तिथेच नेतात. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशनं पुष्कळशी मराठीत आहेत, एकदा घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. त्यातलं विजेचं सर्किट तर मुलं तासभर जोडत बसतात. आणि लाईट गेली तर काय, हे पाठाच्या टाचणात लिहीतच जा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडकडची गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि त्याच महिन्यात ऑनलाइन शाळेचे आदेश निघाले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक टाचणात 'लाईट नसल्यास' असा एक रकाना असायचा.

बांबूचं करणार असशील तर ऑइलपेंटच वापर, डिस्टेंपर दुसऱ्या भरतीला धुऊन जातो. धाकट्यांना पहिल्या खेपेला नेऊ नकोस, पायऱ्यांवर शेवाळ असतं. आणि द्वितीया रविवारी कधी येते ते आत्ताच कालनिर्णयात बघून ठेव.

तुझी,
जुनी बाई