बोंडअळी, भुंगा की सोंड्या?

प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेतल्या कापसाच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना एकाने 'बोल वीव्हिल' या कापसावरच्या किडीसाठी 'बोंडअळी' लिहिले, तपासणाऱ्याने ते खोडून 'भुंगा' केले. बरोबर काय?

माझ्या मते दोन्ही नकोत. त्यातल्या त्यात 'भुंगा' जरा बरा. 'बोंडअळी' मात्र अजिबात चालणार नाही.

बोंडअळी म्हटले की आपल्याकडच्या कापूसवाल्याला तिघी आठवतात : ठिपक्यांची, हिरवी म्हणजे अमेरिकन, आणि शेंदरी, जिला २०१७ च्या हंगामानंतर जो तो गुलाबी म्हणू लागला. तिघीही पतंगांच्या अळ्या. तुमच्या मजकुरात अमेरिका, कापूस आणि बोंडअळी एका ओळीत आले, की वाचक सरळ 'अमेरिकन बोंडअळी' समजून पुढे जाणार. (ही 'अमेरिकन' मुळात अमेरिकेची नव्हेच. ती जुन्या जगातली, म्हणजे आशिया-आफ्रिका-युरोपातली. ब्राझीलमध्ये तिची नोंद झाली ती २०१३ मध्ये. पण नाव चिकटले ते चिकटले.)

बोल वीव्हिल, शास्त्रीय नाव अँथोनोमस ग्रँडिस, हा पतंग नाही. टणक पाठीचा, जेमतेम सहा मिलिमीटरचा भुंगेरा आहे, आणि त्याचे तोंड पुढे लांबून सोंड झालेली असते. सोंड अंगाच्या जवळजवळ निम्म्या लांबीची, जबडे तिच्या टोकाला. मादी सोंडेने पात्याला, म्हणजे कपाशीच्या फुलाच्या कळीला, भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. तीन ते पाच दिवसांत अंडे उबते. आतली अळी पांढरी, बिनपायांची, वाकडी. ती पाते आतून खाते, पाते पिवळे पडून गळते, आणि पुढचा सगळा संसार त्या गळलेल्या पात्यातच : कोषही तिथेच, नवा भुंगेराही तिथूनच बाहेर. अंड्यापासून इथवर साधारण तीन आठवडे, म्हणजे एका हंगामात अनेक पिढ्या. नावात 'बोल' म्हणजे बोंड असले तरी त्याची पहिली पसंती पात्यालाच. पाती कमी पडू लागली की तो कोवळ्या बोंडांकडे वळतो. म्हणून शेतात आधी दिसते ती पातेगळ.

आता 'अळी' या शब्दाने काय घोटाळा होतो ते पाहा. अळी म्हटली की वाचक पानावर औषध मारणार, नाहीतर बीटी बियाणे (ज्याच्या झाडातच अळी मारणारी प्रथिने असतात ते) आठवणार. या किडीची अळी पात्याबाहेर येतच नाही, त्यामुळे फवारणी गाठते ती प्रौढ भुंगेऱ्याला. आणि आपल्या बीटी कपाशीतली प्रथिने पतंगवर्गीय अळ्यांसाठी आहेत. सोंडेवाल्याला ती लागू पडत नाहीत. मेक्सिकोतून १८९२ च्या सुमारास टेक्सासमध्ये शिरलेली ही कीड तीसेक वर्षांत अमेरिकेचा जवळपास सगळा कापूसपट्टा व्यापून बसली. १९२० च्या दशकात विमानांतून कॅल्शियम आर्सेनेटची भुकटी धुरळली जाई. ते काम करणाऱ्या एका कंपनीतूनच पुढे डेल्टा ही विमानकंपनी उभी राहिली. खरा उतार पडला तो १९७८ पासून. नॉर्थ कॅरोलिना-व्हर्जिनियाच्या बाजूने सुरू झालेल्या मोहिमेत तीन गोष्टी एकत्र आल्या : गंधाचे सापळे, शरद ऋतूत थंडीसाठी दडायच्या तयारीतल्या भुंगेऱ्यांवर मॅलॅथिऑन हे कीटकनाशक, आणि वेचणी होताच पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उभी झाडे, मोडून टाकणे. आज तिथे ती उरली आहे टेक्सासच्या दक्षिण टोकाला.

सापळ्यांवरून आणखी एक : तिथे 'कामगंध सापळा' लिहिताना जपा. आपल्या बोंडअळ्यांत मादीचा गंध नराला ओढतो, म्हणून 'कामगंध' चपखल. बोल वीव्हिलमध्ये गंध नर सोडतो, आणि त्यावर नर-मादी दोघेही येतात. नुसते 'गंधसापळे' म्हणा.

राहिला 'भुंगा'. तो मराठी कानाला कमळात अडकणारा, गुणगुणणारा वाटतो. शेतीच्या पुस्तकांतला 'भुंगेरा' अचूक आहे, पण भुंगेरे हजारो जातींचे. नेमका शब्द आपल्याकडे तयार आहे. कोकणात माडाला दोन शत्रू : शिंगाचा तो गेंड्या भुंगा, सोंडेचा तो सोंड्या भुंगा. तांदळातले सोंडे तर प्रत्येक घरातले. आपल्या कपाशीवरही पानांच्या कडा कुरतडणारे राखाडी सोंडे असतात. बोल वीव्हिल मात्र भारतात नाही. ब्राझीलमध्ये ही कीड १९८३ साली सापडली. तिथले लोक तिला 'बिकुदो' म्हणतात, म्हणजे चोचवाला. त्यांनीही अळी नाही, तोंडच पाहिले.

तेव्हा पहिल्यांदा 'कपाशीवरील बोंड पोखरणारा सोंड्या भुंगा' असे पूर्ण लिहा आणि नंतर 'बोंडसोंड्या'. हा जोडशब्द माझा आहे, कोशात शोधू नका. 'बोंडसोंड्याने', 'बोंडसोंड्याचा' असा तो सहज चालतो, अनेकवचन 'बोंडसोंडे'. आणि अलाबामातल्या एंटरप्राइज गावचा, या किडीचे स्मारक म्हणून उभा असलेला १९१९ चा बाईचा पुतळा मजकुरात आला असेल, तर त्याला 'बोंडअळीचे स्मारक' तेवढे म्हणू नका. त्या बाईच्या हातात डोक्यावर धरलेला आहे तो सहा पायांचा, सोंडेचा भुंगेराच, आणि तोही १९४९ मध्ये बसवलेला.