तीन हजार वर्षांची विहीर, की कालची?

प्रश्न: इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या सांता क्रिस्तिना विहिरीचे फोटो बघितले, दगड इतके सफाईदार की कालच बांधल्यासारखे वाटतात. ही खरंच एवढी जुनी आहे का हो?

उत्तर: शंका बरोबर आहे, बघणारा प्रत्येक जण हेच विचारतो! पण हो, जुनीच आहे. पाउलिलातिनो गावाजवळ नुराघे म्हणजे दगडी बुरूज बांधणाऱ्या तिथल्या प्राचीन लोकांनी साधारण इ.स.पू. ११व्या शतकात बांधलेली ही पवित्र विहीर, पुरातत्त्वज्ञ एन्रिको आत्सेनी यांनी १९६०च्या दशकात नीट उत्खनन सुरू केलं तेव्हा ब्राँझच्या छोट्या मूर्ती सापडल्या, त्यात फिनिशियन (नंतर समुद्रमार्गे आलेले पूर्व भूमध्य किनाऱ्यावरचे व्यापारी) लोकांच्या पण होत्या, म्हणजे पूजाअर्चा पुढेही बराच काळ चालू होती. बांधकाम तर कमालच, बेसाल्टचे घडीव दगड, चुना-बिना काही नाही, २५ पायऱ्या खाली जाताना अरुंद होत जातात आणि डोक्यावरचं छतसुद्धा उलट्या जिन्यासारखं. खाली पाण्याची गोल खोली, दगडाचं एकेक कडं थोडं आत सरकवत वर नेलंय आणि अगदी टोकाला छोटंसं भोक. मार्च-सप्टेंबरात दिवस-रात्र समान असतात तेव्हा ऊन थेट जिन्यावरून पाण्यापर्यंत पोचतं. दर १८.६ वर्षांनी चंद्र आकाशात सर्वात उंच जातो तेव्हा तो वरच्या भोकातून दिसतो असंही म्हणतात, पण ते मुद्दाम केलं की योगायोग यावर वाद आहे, मला स्वतःला उन्हाचं जास्त पटतं.